बोटभर हवा

धुळे,
१० एप्रिल

प्रिय चंदन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच भिरकावणार नाहीस, एवढं धरून चाललोय. तुझा पत्ता कुंदननं दिला. केळीचा ट्रक घेऊन तो महिन्यातून एकदा माझ्याकडे येतो, आणि आला की तुझी बातमी सांगतो. मुक्ताईनगरच्या पुढे एका मळ्यात तू घड वाहतोस म्हणे. पाना हातात धरत नाहीस, कुणाच्या गाडीत बसत नाहीस, एसटी नसली तर सहा कोस पायी जातोस. शिंदखेडा तिथून किती लांब आहे रे? सकाळी निघालास तर दुपारच्या जेवणाला घरी. पण नऊ वर्षांत तू आला नाहीस. तुला मनातल्या मनात शिव्या घालायची मला सवय लागली होती. तू लेका पळपुटा, आईला टाकून गेलास, असं मी लोकांत मोठ्यानं म्हणत असे. आज ते सगळे शब्द मागे घेतो. का ते पुढे येईलच, पण मला जरा दम खाऊन सांगू दे. तुला माहीतच आहे, मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही.

पितांबरनाना आठवतात का? जळगावचं ते पत्र्याचं शेड, आणि आपण दोघं त्यांच्या हाताखाली. तेव्हा कार्बोरेटरच्या गाड्या संपत आल्या होत्या आणि इंजेक्शनच्या नव्या येऊ लागल्या होत्या. सगळे मिस्तरी त्यांना घाबरायचे, आणि नाना मात्र चष्मा कपाळावर चढवून बॉनेटमध्ये डोकं घालायचे. ते चौकोनी काळं डबडं त्यांनी आपल्याला पहिल्यांदा दाखवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. म्हणाले, पोरांनो, हे गाडीचं नाक. याच्या पोटात केसाएवढा पातळ पडदा आहे. बाहेरची हवा या भोकातून आत येते आणि पडद्यावर रेलते. हवा जड असली तर पडदा जास्त वाकतो, विरळ असली तर कमी. जेवढा वाकेल तेवढा करंट कॉम्प्युटरला जातो, आणि त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं. खाली जड हवेला जास्त, डोंगरावर विरळ हवेला कमी. मग ते म्हणाले, चावी फिरवली की लगेच सेल मारू नका, दोन श्वास थांबा, गाडीला आधी हवा पाहू द्या. तू ते शेवटपर्यंत पाळलंस. मी घाईचा माणूस, एकच श्वास थांबायचो.

पुढे पारोळा रोडला आपण आपलं गॅरेज टाकलं. खालचं काम तुझं, वरचं माझं. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन तू, आणि वायरिंग, सेन्सर, इंजेक्टर मी. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा आपला कायदा. आणि त्या कायद्यापायीच सगळं झालं असं मला आता वाटतं. तुझ्या थोरल्या भावाची, नवलभाऊची, ती पेट्रोलची व्हॅन महिन्यातून दोनदा दारात उभी असायची. कापसाच्या दिवसांत तो तिच्यातून वेचणाऱ्या बाया न्यायचा आणि परतताना जिनिंगला गाठोडी टाकायचा. आतबाहेर सगळीकडे रुई. सीटवर रुई, डॅशबोर्डवर रुई, बॉनेट उघडलं की आतून म्हातारी उडाल्यासारखी रुई उडायची. ती नेमकी त्या सेन्सरच्या भोकात जाऊन बसायची, आणि इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. तीनदा मी ते भोक सुईनं साफ केलं. चौथ्यांदा नवलभाऊ हसत म्हणाला, ललित, तुन्हा हात लागना की पिवळा दिवा लागस का काय रे? मला लागलं ते. चिडका तर मी आहेच. मी एमसीलची चिमूट मळली, थुंकी लावून ते भोक बुजवलं आणि अंगठ्यानं सारखं केलं. दिवा बंद. मी म्हटलं, घ्या, जिंदगीभर लागणार नाही.

आपल्याकडचे निम्मे मिस्तरी हेच करतात, चंदन. हे मी स्वतःला सोडवायला म्हणत नाही, खरं तेच सांगतोय. धुळ्यापासून भुसावळपर्यंत मुलूख कसा, ताटासारखा. हवा इथं सगळीकडे सारखीच. भोक उघडं असलं काय नि बुजलं काय, आत जी हवा कोंडली ती बाहेरच्याइतकीच जड. गाडी मजेत पळते, गिऱ्हाईक खूश. पुण्यामुंबईच्या मिस्तऱ्याला ही चूक सुचायचीच नाही, कारण त्याला घाट चढायचा असतो आणि त्याच्या गाडीत रुई नसते. त्या दिवशी तू त्याच व्हॅनखाली आडवा पडून मागचे ब्रेकशू बदलत होतास आणि शीळ घालत होतास. नवलभाऊ तिघांसाठी चहा घेऊन आला होता. हँडब्रेकची केबल ताणलीय, बदलू का, असं तू खालून विचारलंस, आणि तो म्हणाला, पुढच्या महिन्यात पाहू. आठवतं ना? मला तर एवढं आठवतं की चहात आलं जास्त पडलं होतं.

आणि त्यानंतर अकराव्या दिवशी तो तोरणमाळला गेला. त्याच्या पोरीचा, मयुरीचा नवस फेडायचा होता, गोरखनाथाला. गाडीत तुझी माय, रत्नावहिनी, मयुरी आणि तो. गॅरेजात काम होतं म्हणून तू गेला नाहीस. सातपायरीच्या घाटात काय झालं ते तू पंचनाम्यातून आणि लोकांच्या तोंडून ऐकलंस. गाडी बंद पडली, मागे घरंगळायला लागली, नवलभाऊनं ब्रेक दाबून धरला, सगळ्यांना खाली उतरवलं, चाकामागे दगड लावा म्हणाला. वहिनी दगड घेऊन धावली तोवर गाडी त्याला घेऊन तिच्या समोरून दरीत गेली. माय नुसती हात पसरून उभी होती. पंचनाम्यात लिहिलं, ब्रेक न लागल्यामुळे. घरासमोर मयत ठेवलेली असताना तुमच्या अभिमनकाकांनी सगळ्या भाऊबंदांसमोर विचारलं, ब्रेक कोणी बदलले होते? तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, मी. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तुझ्या खांद्यावर माझा हात होता.

मायनं त्या दिवसापासून तुझ्याकडे पाहिलं नाही. तेरावं झालं आणि तू निघून गेलास. मग अक्षय्यतृतीयेची आखाजी आली. मायनं घागर भरली, चुलीत पितरांच्या घासाची आगारी टाकली, मांडे आणि आमरस केला, आणि नवलभाऊच्या नावानं पितर म्हणून पाटावर कोणाला बसवायचं हा प्रश्न आला. भाऊ म्हणून तू तर घरात नव्हतास. माय म्हणाली, ललितले बलावा, तो बी मन्हा पोरच शे. मी गेलो. तिनं माझे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, आणि मी जेवलो. नऊ आखाज्या मी त्या पाटावर बसलोय, चंदन. दरवर्षी तिनं वाटी पुढे केली आणि दरवर्षी म्हणाली, पोटभर खा रे नवल. ललित नाही, नवल. आणि मी खाल्लं. पहिला घास घशाखाली उतरताना पेट्रोलचा वास यायचा. मी स्वतःला समजवायचो, मिस्तरी माणूस, हाताचा वास असेल.

गाडी मायनं विकू दिली नाही. दरीतून काढून आणली ती मागच्या अंगणात निंबाखाली उभी आहे. काचा नाहीत, एक बाजू चेपलेली, पण पुढचा भाग बराचसा धड. गेल्या महिन्यात मायनं मला बोलावलं. म्हणाली, ही गाडी आता ने, मला सहन होत नाही. मी विचारलं, आताच काय झालं? तर म्हणाली, दुपारनी येळले कोनीतरी चावी फिरावस, पन गाडी चालू व्हत नही. मी हसलो. माय, पत्रा तापला की कडकड वाजतो, म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथंच वाळलं. रत्नावहिनीही म्हणाली, भाऊजी, मी पण ऐकलंय, आवाज आला की दोन श्वास शांत असतं, मग पुन्हा आवाज. नानांचं ते दोन श्वासांचं तिला कोणी सांगितलं असेल? तू सांगितलं असशील नवलभाऊला. मला दुसरं काही मानायचं नाही.

भर दुपारी मी अंगणात गेलो. मार्च सरत आला होता, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, सगळं गाव दारं लावून पडलेलं. वायरिंग बरीच शाबूत होती. भंगारात द्यायच्या आधी कॉम्प्युटर चालतो का पाहू, विकला जाईल, असा माझा विचार. म्हणजे मी स्वतःला तसं सांगितलं. सोबत आणलेली बॅटरी जोडली, स्कॅनर लावला आणि चावी फिरवली. किल्ली अजून तिथंच होती, मयुरीनं विणलेल्या गोंड्यासकट. दोन श्वास थांबलो. या वेळी मी खरंच दोन थांबलो. हवेचा आकडा आला एकशे चार. माझ्या स्वतःच्या गाडीला लावून पाहिला, तिथं अठ्ठ्याण्णव, जो आपल्याकडे असायला हवा तोच. घाम पुसला आणि पुन्हा पाहिलं. एकशे चार. मग वाकून बघितलं. इंजिनमागच्या फायरवॉलवर ते काळं डबडं, आणि भोकावर माझं एमसील, दगडासारखं घट्ट. त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. रेषा न् रेषा दिसत होती, आणि मधे ती आडवी चीर, लहानपणी विळ्यानं कापलेलं ते. मी माझा अंगठा त्यावर ठेवला. तो बरोबर बसला.

आता नीट ऐक, तू मिस्तरी आहेस, तुला समजेल. बंद डब्यातली हवा तापली की तिचा जोर वाढतो. घाटात इंजिन तापलं, ते डबडं तापलं, आणि आत कोंडलेली आपल्या गॅरेजची हवा जड होत गेली. बाहेर तोरणमाळची हवा विरळ, अठ्ठ्याऐंशी नाहीतर नव्वद, आणि सेन्सर सांगतोय शंभर, एकशे पाच, एकशे आठ. गाडी जसजशी वर चढत होती तसतसा तो सांगत होता की आपण खाली चाललोय, आणखी खाली. कॉम्प्युटर बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतत राहिला. इंजिन गुदमरलं. ते बंद पडलं तसा पेडल हलकं ठेवणारा ब्रेकचा व्हॅक्यूम गेला. पहिल्या दोन दाबांना ब्रेक लागला असेल, म्हणूनच तिघी उतरल्या. मग पायाखाली पेडल दगड झालं. केबल ताणलेली, हँडब्रेक नावालाच. मी त्या दुपारी गाडीखाली शिरून मागचे ड्रमही उघडले. तुझे शू चांगले आहेत, लायनिंग भरपूर, सिलिंडर कोरडा, एक थेंब गळालेला नाही. ब्रेक उत्तम होते, चंदन. तुझं काम उत्तम होतं.

तुला वाटेल, ललितला हे मागच्या महिन्यात कळलं. मलाही असंच लिहायला आवडलं असतं. चार दिवस मी हे मनात तसंच रचत होतो आणि मोडत होतो. पण कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. मला नवलभाऊच्या दहाव्याच्या दिवशीच कळलं होतं. नदीवर तुझं मुंडण चाललं होतं आणि रत्नावहिनी बायांमध्ये बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. मयुरीच्या हातात केळीच्या वेफरचं पाकीट होतं, घाट चढताना ते फुग्यासारखं फुगलं, पोरगी हसत होती, आणि तेवढ्यात मागून काळा धूर निघाला, पेट्रोलचा वास आला, गाडी आचके द्यायला लागली. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हे मला माहीत नाही? वेफरच्या पाकिटाला कळलं की हवा विरळ झालीय, आणि मी बुजवलेल्या सेन्सरला कळलं नाही. मी तिथंच, नदीच्या वाळूत उभा होतो. तुझ्यापर्यंत दहा पावलं होती. मी आलो नाही. मला वाटलं, आज नको, तेराव्यानंतर सांगू. मग तू गेलास, आणि तुझ्या जाण्यानं माझं सोपं झालं. लाज वाटते लिहायला, पण झालं. लोकांनी तुला दोषी ठरवलं आणि मला सज्जन. तुझी आई मला पोटभर जेवू घालू लागली.

त्या दुपारनंतर मला चैन नाही. गॅरेजात कुठल्याही गाडीची चावी फिरली की मी दोन श्वास मोजतो आणि वाट पाहतो, कोणीतरी बोलेल म्हणून. त्या डबड्यात बोटभर हवा आहे. ती कुठली माहीत आहे? आपल्या गॅरेजची, त्या सकाळची. तू गाडीखाली शीळ घालत होतास, नवलभाऊ चहाचे ग्लास धरून उभा होता, आणि मी चिडून भोक बुजवत होतो. आपण तिघं जो श्वास घेत होतो तोच त्यात कोंडला गेला. नवलभाऊचा एवढाच श्वास जगात उरलाय आणि तो माझ्या अंगठ्याखाली आहे. मी सील फोडलेलं नाही. हिंमत झाली नाही.

मंगळवारी मी शिंदखेड्याला गेलो आणि मायला सांगितलं. सेन्सर तिच्या पुढ्यात ठेवला. सगळं सांगितलं, दहाव्याच्या दिवसासकट. रत्नावहिनी उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. माय बराच वेळ त्या एमसीलवरून बोट फिरवत बसली. मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागे घेतले. मग उठली, देवघराजवळचा तो पाट उचलला, ज्यावर मी नऊ वर्षं जेवलो, आणि भिंतीशी उलटा करून ठेवला. म्हणाली, नऊ वरीस मी कोनले जेवाडं रे? तिनं मला विचारलं नव्हतं, ती स्वतःशीच बोलत होती. दारात आलो तेव्हा पाठीमागून म्हणाली, मन्हा चंदननी मान नऊ वरीस खाले शे, आनि ती मी घाली.

मी फोन लावतो म्हणालो होतो. तिनं लावू दिला नाही. फोनवर माणूस रडतो न् मोकळा होतो, म्हणाली, कागदवर लिख, तुन्हा हातनी लिख, म्हंजे पुसता येनार नही. म्हणून हे पत्र. वरचं सगळं धुळ्याला लिहून आज शिंदखेड्याला आणलं आहे, आणि शेवटचं एवढं ओट्यावर बसून लिहितोय. मयुरीनं आत्ता पहिल्यापासून सगळं मायला वाचून दाखवलं. अठरा वर्षांची झाली पोरगी, तिचा आवाज वेफरच्या पाकिटापाशी अडकला, पण वाचलं तिनं. आखाजी नऊ दिवसांवर आली. माय म्हणते, घागर भरीसन ठेवसू, पाट मात्र उलटाच राहील, तो सुलटा करायचा तर चंदननंच. कोणाला बसवायचं तेही तूच ठरवायचं. अभिमनकाकांना तिनं उद्या बोलावलंय, त्यांना मी सांगणार आहे, भाऊबंदांसमोर, जिथं त्यांनी तुला विचारलं होतं तिथंच. सेन्सर पत्रासोबत नाही पाठवत, तो देवघरात नवलभाऊच्या फोटोसमोर ठेवलाय, सील तू आल्यावर तुझ्या हातानं फोड. तू येशील त्या दिवशी मी गावात नसेन, माझी अडचण मानू नकोस. तुला वाटेल, हे सगळं ललितनंच रचलंय, मायचं नाव पुढे करून. म्हणून माझ्या सहीखाली बघ. मायला लिहिता येत नाही, मयुरीच्या पेनाची शाई फासून तिनं अंगठा उठवलाय. दोनदा उठवला, पहिला पुसट आला म्हणून. म्हणाली, त्याले वळखू येवाले जोयजे, आई बलावस म्हनीसन.

तुझाच (हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू ठरव),
ललित

आणि खाली, मायचा अंगठा.